खुराड्यातून उभा राहिला कारखाना
घरच्या वापरासाठी केलेली वस्तू धंद्याला कशी लागते? अमेरिकेतल्या एका शेतावरची आणि आपल्या शिवारातली गोष्ट

प्रत्येक गावात एक तरी असा माणूस असतो, की ज्याच्या हाताला गप्प बसवत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला तो घडीची शिडी बसवतो, फवारणीच्या पंपाला जुन्या सायकलचं चाक लावतो, पाण्याच्या टाकीला आपल्या सोयीचा गाडा करतो. बाजारात मिळत नाही म्हणून, किंवा मिळतं पण परवडत नाही म्हणून. शेजारी येतो, बघतो आणि म्हणतो, "आम्हालाबी एक करून दे की." मग दुसरा येतो, तिसरा येतो. चार-पाच नग होतात आणि गाडी तिथंच अडते. पैसे अर्धे उधारीवर राहतात, शेतीची कामं मागं पडतात आणि घरातली म्हणतात, "आता हा उद्योग पुरे."

पुढच्या वर्षी तालुक्याच्या गावातला एखादा फॅब्रिकेशनवाला तीच वस्तू रंग देऊन दुकानाबाहेर मांडतो. ज्याच्या डोक्यातून ती निघाली, त्याला कोणी विचारतही नाही.

हे असं का होतं आणि ते टाळता येतं का, एवढाच या लेखाचा विषय आहे. त्यासाठी आधी थोडं लांब, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात जाऊ. तिथं मिडलबरी नावाच्या लहानशा गावाजवळच्या एका शेतावर, दोन कोंबड्यांच्या खुराड्यांत आणि एका गोठ्यात एक धंदा सुरू झाला. गाडीमागं ओढायच्या तंबूचं छप्पर वर उचलणारी एक यंत्रणा, हे त्याचं भांडवल.

गाडीमागचा तंबू

अमेरिकेत मोटारी वाढल्या तशी सुट्टीत कुटुंबासह रानात, तळ्याकाठी मुक्काम करायची चाल पडली. सामान, अंथरूण, चूल असं सगळं मोटारीमागं जोडलेल्या दोनचाकी गाड्यावर न्यायचं आणि मुक्कामी तंबू ताणायचा. आपल्याकडं दिंडीच्या मुक्कामाला ट्रकमधून सामान नेऊन राहुट्या मारतात, तसाच काहीसा प्रकार. फरक इतकाच, की तो तंबू गाड्यालाच जोडलेला असे.

डेट्रॉइट शहरात आर्थर शर्मन नावाचे जंतुशास्त्रज्ञ होते. औषधाची कंपनी चालवायचे. १९२९ च्या सुमारास त्यांनी असा एक तंबूगाडा विकत घेतला. काही मिनिटांत उभा राहतो, अशी त्याची जाहिरात होती. पहिल्याच मुक्कामी पाऊस आला. तंबू काही लवकर उभा राहिना आणि घरची मंडळी चिंब भिजली. शर्मन यांनी वैतागून ठरवलं, की आता आपला गाडा आपणच करायचा. त्यांनी टणक भिंतींची, पक्क्या छपराची एक साधी पेटीवजा गाडी करवून घेतली.

ती बघून रस्त्यात लोक थांबून विचारू लागले. मग त्यांनी आणखी एक करवून जानेवारी १९३० मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात ठेवली. लोकांना खरंच हवी आहे का, हे त्यांना आधी बघायचं होतं. प्रदर्शन संपेपर्यंत ११८ गाड्यांची मागणी आली. 'कव्हर्ड वॅगन' नावाची त्यांची कंपनी १९३६ पर्यंत अमेरिकेतली सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली.

त्याच काळात लॉस एंजेलिसमध्ये वॉली बायम यांनी वेगळी वाट धरली. बायकोला जमिनीवर झोपायला आवडेना, म्हणून त्यांनी फोर्डच्या जुन्या सांगाड्यावर निजायची सोय केली. ती कशी केली हे मासिकात लिहिलं. वाचकांची पत्रं येऊ लागली, तेव्हा सविस्तर आराखडे एकेक डॉलरला विकले. पुढं घराच्या मागच्या अंगणात मित्रांसाठी गाड्या केल्या आणि १९३१ मध्ये 'एअरस्ट्रीम' कंपनी काढली. ती आजही चालू आहे.

दोघांच्या गोष्टीत एक धागा सारखा आहे. वस्तू आधी स्वतःच्या अडचणीतून झाली, लोकांनी मागितली आणि मग कारखाना आला. कारखाना आधी टाकून गिऱ्हाईक शोधायला कोणी निघालं नाही.

छप्पर उचलायचं कसं?

पक्क्या भिंतींच्या गाडीची एक अडचण असते. ती उंच आणि जड होते, वाऱ्याला अडते, ओढायला जास्त इंधन खाते. म्हणून मधला मार्ग निघाला. खाली पक्का गाडा, वर पक्कं छप्पर आणि दोन्हींच्या मध्ये घडी होणारं कापड. रस्त्यावर असताना छप्पर खाली बसवायचं, मुक्कामी वर उचलायचं.

पण हे छप्पर उचलणं सोपं नाही. चारही कोपरे एकदम, सारखे वर गेले पाहिजेत. एक कोपरा मागं राहिला, की छप्पर तिरकं होऊन अडकतं. चार माणसं चार बाजूंनी उचलतील हे खरं, पण नवरा-बायको आणि लहान पोरं असली तर काय करायचं?

मिडलबरीजवळ राहणारे लॉइड बोंट्रेगर हे ट्रेलरच्या धंद्यात काम केलेले गृहस्थ. त्यांनी छप्पर उचलण्याची एक यंत्रणा तयार केली. हँडल फिरवलं की चारही कोपऱ्यांचे खांब एकदम वर सरकत. एकटा माणूस उभ्या-उभ्या छप्पर चढवू शकत असे.

या कंपनीच्या घडीच्या गाड्यांतली रचना शेतकऱ्याला लगेच उमजेल अशी आहे. चारही कोपऱ्यांना एकात एक सरकणारे पोकळ खांब असतात. गाडीच्या तळाखालून तारेचे दोर कप्प्यांवरून त्या खांबांकडं जातात. हँडलनं गुंडाळला जाणारा मुख्य दोर मध्ये एका आडव्या दांडीला जोडलेला असतो आणि त्या दांडीपासून चार कोपऱ्यांचे चार दोर फुटतात. या भागाचं तिकडचं नाव घोड्याच्या नांगरावरून आलेलं आहे. नांगराला दोन घोडे जुंपले, की एक जोरात ओढतो, एक रेंगाळतो. दोघांची ओढ वाटून घेणारी लाकडी दांडी मध्ये असते, तिचंच ते नाव. नांगरामागं चाललेल्या माणसाला जे ठाऊक असतं, ते असं दुसऱ्या धंद्यात कामी येतं.

१९६८ मध्ये लॉइड आणि त्यांच्या पत्नी बर्था यांनी 'जेको' नावानं आपला धंदा सुरू केला. इमारत बांधली नाही. शेतावरची दोन कोंबड्यांची खुराडी आणि गोठा रिकामा करून तिथंच कामाला सुरुवात केली. पहिल्या वर्षअखेर १५ माणसं कामावर होती आणि १३२ घडीच्या गाड्या विकल्या गेल्या होत्या.

१३२ हा आकडा मोठा वाटत नाही, पण तो नीट बघा. आठवड्याला सरासरी अडीच गाड्या. म्हणजे हात बसायला, चुका सापडायला आणि त्या सुधारायला वेळ मिळाला. पहिल्याच वर्षी कर्ज काढून मोठी शेड टाकली असती, तर हप्ते भरण्यासाठी कसाही माल बाहेर काढावा लागला असता.

१९८५ मध्ये विमान अपघातात लॉइड यांचा मृत्यू झाला. धंदा एकाच माणसाच्या डोक्यात असता, तर तो तिथंच संपला असता. पण बर्था सुरुवातीपासून कारभारात होत्या. त्यांनी आणि मुलांनी कंपनी पुढं नेली. लॉइड पूर्वी ज्या 'स्टारक्राफ्ट' कंपनीत होते, तिचा ट्रेलरचा धंदा १९९१ मध्ये जेकोनंच विकत घेतला. २०१६ मध्ये थॉर या मोठ्या उद्योगानं जेको ५७ कोटी ६० लाख डॉलरला घेतली.

त्या स्टारक्राफ्टची कुळकथाही शेतातूनच निघते. १९०३ मध्ये गोशेन गावी ती सुरू झाली, तेव्हा ती शेतकऱ्यांसाठी पत्र्याच्या टाक्या आणि इतर सामान करायची. पुढं त्याच पत्र्याच्या कामातून होड्या केल्या आणि त्यानंतर तंबूगाड्या. पत्रा वाकवण्याचं कसब तेच, गिऱ्हाईक मात्र बदलत गेलं.

एका गावाचं कसब, साऱ्या शिवाराचा रोजगार

मिडलबरी, गोशेन, एल्खार्ट हा सारा पट्टा आज मुक्कामी गाड्यांच्या धंद्याची पंढरी मानला जातो. अमेरिकेत बनणाऱ्या अशा गाड्यांपैकी बहुतेक याच भागात होतात. तिथं सगळेच काही पूर्ण गाडी करत नाहीत. कोणी फक्त दारं करतो, कोणी खिडक्या, कोणी धुरा, कोणी गाद्या, कोणी पायऱ्या. एकाचा माल दुसऱ्याला लागतो. इचलकरंजीला मागाभोवती जसा सुटे भाग आणि दुरुस्तीचा पसारा उभा राहिला, तसंच हे.

या भागात आमिश पंथाचे लोक मोठ्या संख्येनं आहेत. घरी वीज घेत नाहीत, स्वतःची मोटार ठेवत नाहीत, घोडागाडीनं फिरतात. पूर्वी सगळे शेतीवर असत. जमिनी महाग झाल्या, वाटण्या होत गेल्या, तशी त्यांतली पुष्कळ माणसं या कारखान्यांत कामाला लागली. सुतारकामाचा हात आणि पहाटे उठून कामाला लागायची सवय, या दोन गोष्टींमुळं कारखानदारांना ती हवीच होती. शेती आक्रसली, तरी माणसाला गाव सोडावं लागलं नाही.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुक्कामी गाडी ही चैनीची वस्तू. पोट भरल्यावर घ्यायची. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, तेव्हा या धंद्याला जबर फटका बसला. २००८ च्या मंदीत तर कारखान्यांना टाळी लागली आणि २००९ च्या सुरुवातीला एल्खार्ट परिसरातली बेकारी अमेरिकेतल्या सर्वांत जास्त बेकारीत मोजली गेली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा फेब्रुवारी २००९ मध्ये मुद्दाम तिथं गेले होते. एकाच पिकावर सगळं शिवार टाकलं की काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. धंद्यातही तेच.

आपल्या मातीतली उदाहरणं

कोणी म्हणेल, अमेरिकेचं अमेरिकेत. तर मग घरचंच बघू.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढं कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. त्या काळी शेतकऱ्यांची समजूत अशी, की लोखंडानं जमिनीला विष चढतं. नांगर पडून राहिले. शेवटी प्रत्यक्ष शेतात चालवून दाखवल्यावर लोकांचा विश्वास बसला. १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयानं कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. वस्तू चांगली असून भागत नाही, ती गिऱ्हाइकाच्या बांधावर चालवून दाखवावी लागते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावचे मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ मध्ये बुलेट मोटारसायकलला मागून जोडायचा सांगाडा केला. दुष्काळानं बैल सांभाळणं अवघड झालं होतं. मागचं चाक काढून तिथं दोन चाकांचा जोड बसवायचा आणि त्याला कोळपं, पेरणीची पाभर असं काहीही लावायचं. लोक त्याला 'बुलेट सांती' म्हणू लागले. या जोडाला २००५ मध्ये अमेरिकेचं पेटंटही मिळालं.

आपल्या जळगाव जिल्ह्यात शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचं पुढचं चाक, हँडल आणि चिमटा घेऊन हातानं ढकलायचं कोळपं केलं. 'कृषिराजा' हे त्याचं नाव. ज्याच्याकडं बैलजोडी नाही, अशा लहान शेतकऱ्यासाठी ते झालं. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं या दोघांच्याही कामाची दखल घेतली. २००० मध्ये सुरू झालेली ही संस्था गावपातळीवरच्या कल्पक माणसांना नोंदणी, पेटंट आणि उत्पादनासाठी मदत करते. आपल्या गावात असा कोणी असेल, तर तिथं अर्ज करायला हरकत नाही.

स्वतःसाठी केलेलं आणि विकायला केलेलं

आता मूळ मुद्द्यावर येऊ. स्वतःसाठी केलेली वस्तू आणि विकायला केलेली वस्तू, यांत मोठा फरक आहे.

आपण केलेली वस्तू आपल्याला कशी वापरायची ते माहीत असतं. कुठं जरा हात आखडता घ्यायचा, कुठं नट सैल होतो, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं. तो घाईनं वापरणार, जास्त वजन टाकणार, ग्रीस लावायला विसरणार. म्हणून विकायच्या आधी चार वेगवेगळ्या माणसांना पूर्ण हंगामभर फुकट वापरायला द्यावी. त्यांतला एक तरी आडदांड असावा. वस्तू कुठं मोडते, ते त्याच्याकडूनच कळेल.

दुसरी गोष्ट साच्याची. पहिला नग डोळ्यांच्या अंदाजानं होतो. दहावा नग तसा केला, तर पहिल्याचा भाग दहाव्याला बसत नाही. मग दुरुस्तीच्या वेळी गिऱ्हाइकाला पूर्ण वस्तू घेऊन गाळ्यावर यावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच छिद्रं पाडायला आणि वेल्डिंग करायला पक्का साचा करावा. एक दिवस जातो, पण पुढचे शंभर वाचतात. नट-बोल्ट, बेअरिंग, चाकं ही तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या मापाचीच वापरावीत.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि बहुतेकांचा पाय इथंच घसरतो. समजा, ट्रॉलीवर माल झाकायला ताडपत्रीची घडीची कमान करायची आहे. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत, आपापल्या बाजारातले भाव टाकून बघावेत.

पाइप आणि पट्टी २,६०० रुपये, ताडपत्री १,४०० रुपये, बिजागऱ्या, नट-बोल्ट आणि रंग ५०० रुपये. झाले ४,५०० रुपये. आपला कारागीर म्हणतो, "साडेचार हजाराचा माल, सहा हजाराला विकली, दीड हजार सुटले."

खरंच सुटले का? दोन माणसांची दीड दिवसाची मजुरी १,८०० रुपये धरा. स्वतःची मजुरी ही मजुरीच असते. वीज, वेल्डिंगचे रॉड आणि ग्राइंडरची चाकं ३०० रुपये. गाळ्याचं भाडं आणि यंत्रांची झीज ४०० रुपये. एखादा नग परत आला तर दुरुस्तीसाठी राखीव ३०० रुपये. एकूण झाले ७,३०० रुपये. म्हणजे सहा हजाराला विकलेल्या प्रत्येक नगामागं १,३०० रुपये घरातून गेले. जितके नग जास्त, तितका खड्डा मोठा. दुकानदारामार्फत विकायचं, तर त्याचं कमिशन वेगळंच.

या हिशेबानंतर वस्तू परवडत नसेल, तर ती परवडत नाही हे आधी कळलेलं बरं. वजन कमी करता येईल का, मजुरीचा वेळ साच्यानं घटेल का, ताडपत्री थेट कारखान्यातून घेता येईल का, हे मग बघता येतं.

चौथी गोष्ट उधारीची. अवजार शेतकऱ्याला हंगामाच्या तोंडावर लागतं आणि पैसा हंगामानंतर येतो. म्हणून निदान मालाचे पैसे आगाऊ घ्यावेत. लाजू नये. दुकानदार आपल्याला पाइप उधार देत नाही, मग आपण का द्यावी?

कागदाचं काम

"पेटंट म्हणजे मोठ्या कंपन्यांचं काम," असं म्हणून बरेच जण तो विषय सोडून देतात. तसं नाही. पेटंट अर्ज भरल्यापासून २० वर्षं टिकतं. एकट्या माणसानं ऑनलाइन अर्ज केला, तर अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे. तपासणीची फी आणि वकिलाचा खर्च मात्र वेगळा. सुरुवातीला तात्पुरता तपशील देऊन अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो.

मुख्य अट ध्यानात ठेवावी. वस्तू नवी असली पाहिजे. आधी बाजारात विकली, कृषी प्रदर्शनात मांडली, मोबाइलवर तिचा व्हिडिओ गावोगाव फिरला आणि मग अर्ज केला, तर ती नवी राहत नाही. म्हणून आधी अर्ज, मग गाजावाजा. दुसरं असं, की माहीत असलेल्या दोन वस्तू नुसत्या शेजारी-शेजारी जोडल्या आणि दोन्ही आपापलं पूर्वीचंच काम करत राहिल्या, तर कायदा त्याला शोध मानत नाही. तिथं पेटंटमागं न लागता चांगला माल आणि वेळेवर दुरुस्ती, हेच खरं संरक्षण.

वस्तू रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाला लागणार असेल, तर आणखी काळजी हवी. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. कलम ५२ प्रमाणं नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल वाहनात करता येत नाही. सहज काढता येणारं झाकण वेगळं आणि सांगाडा कापून लांबी-रुंदी वाढवणं वेगळं. शंका असेल तर आरटीओ कार्यालयात आधी विचारावं. आपण केलेल्या जोडानं मागचा दिवा किंवा रिफ्लेक्टर झाकला जात असेल, तर तो जोड विकूच नये. उसाच्या हंगामात रात्री रस्त्यावर उभी ट्रॉली न दिसल्यानं किती घरं उघडी पडतात, हे वेगळं सांगायला नको.

वेल्डिंगचं यंत्र शेतीपंपाच्या जोडणीवर चालवण्याची चूक अनेक जण करतात. शेतीसाठी दिलेली वीज धंद्याला वापरली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होते. ती रक्कम भरताना वर्षाची कमाई जाते. गाळ्यासाठी वेगळी जोडणी घ्यावी. शेतजमिनीवर शेड टाकायची तर अकृषिक वापराचा प्रश्न येतो, त्याची चौकशी तलाठ्याकडं आधीच करावी.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे. ती मोफत असते, आधार क्रमांकावर होते. कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. जीएसटीचं म्हणाल, तर फक्त मालाची विक्री करणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण माल परराज्यात विकायचा तर नोंदणी आधी घ्यावी लागते. सीमाभागातल्या कारागिरांनी हे विसरू नये.

कर्जाच्या बाबतीत लोहार, सुतार अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजानं ठेवलं आहे. मुद्रा योजनेत शिशु गटाला ५० हजार, किशोर गटाला ५ लाख आणि तरुण गटाला १० लाख अशी मर्यादा आहे. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत राहतात. म्हणून अर्जापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी, एजंटाच्या नादी लागू नये.

गावकारभाऱ्यांसाठी दोन शब्द

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच), तलाठी, सोसायटीचे सचिव यांच्या हातात यात बरंच काही आहे. ग्रामपंचायतीचा एखादा गाळा रिकामा पडला असेल, तर तो कारागिराला वाजवी भाड्यानं देता येईल. कचऱ्याच्या गाड्या, पाण्याचे टँकर यांची किरकोळ दुरुस्ती गावातल्याच कारागिराकडून, रीतसर दरपत्रक घेऊन करवून घेता येईल. तेवढ्या कामावर त्याचा गाळा पावसाळ्यात चालू राहतो. ग्रामसभेत एकदा अशा कारागिरांना वस्तू मांडायला लावली, तर गावालाच कळेल, की आपल्यात कोण काय करतं. पेटंटचा विचार असेल तर मात्र अर्ज आधी, मांडणी नंतर.

आणि हो, मुक्कामी गाड्यांचा विषय आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनानं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. पर्यटनस्थळाजवळ अशा गाड्या उभ्या करण्यासाठी वीज, पाणी, स्वच्छतागृह असलेलं ठिकाण उभारणं त्यात येतं. कोकणात, महाबळेश्वर-पाचगणीकडं, भंडारदऱ्याला ज्यांची जमीन रस्त्यालगत आहे, त्यांनी पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात चौकशी करावी. गाडी करणं हे मोठ्या कारखान्याचं काम असेल. पण घडीच्या पायऱ्या, सावलीची छत्री, पाण्याची जोडणी, बाहेर मांडायची ओट्याची फळी या वस्तू आपल्या वेल्डिंगवाल्याच्या आवाक्यातल्या आहेत. मात्र वर एल्खार्टचं सांगितलं ते विसरू नये. चैनीच्या वस्तूवर सगळा भार टाकायचा नाही. कोळपं, पाभर, ट्रॉली ही कामं हातची सोडायची नाहीत.

ज्यांच्या घरी अशी एखादी वस्तू आज तयार आहे, त्यांनी या आठवड्यात तीन कामं करावीत. एका वहीत ती वस्तू मापासकट काढून तारीख टाकावी. तिचा खरा खर्च, स्वतःच्या मजुरीसकट, त्याच वहीत मांडावा. आणि ती वही घरातल्या आणखी एका माणसाला समजावून सांगावी, मग ती बायको असो, भाऊ असो की कॉलेजला जाणारी मुलगी. जेकोचा धंदा लॉइड यांच्यामागं टिकला, कारण तो घरातल्या इतरांनाही ठाऊक होता. बाकी शेड, यंत्रं, कर्ज, पाटी हे सगळं त्यानंतर.